बी८५० टोमाहॉक मॅक्स आणि ९८००एक्स३डी: नाशिकात गेमिंग पीसी जमवताना मदरबोर्डावर किती पैसे घालवावे

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्याला पूर्ण वाचायचं नाही त्याचा वेळ वाचेल. बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर बाकी सगळे पार्ट बसतात) घेतला एमएसआयचा मॅग बी८५० टोमाहॉक मॅक्स वायफाय, प्रोसेसर एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी, ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० टीआय, रॅम ३२ जीबी डीडीआर५ ६०००, एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) ८५० वॅट गोल्ड. मागच्या उन्हाळ्यात घेतलं, म्हणजे नाशिकचा मे महिना काढला, पावसाळ्यातली लाइटीची ये-जा काढली, आता थंडी चालू आहे आणि मशीन अजून एकदाही रुसलेलं नाही. बोर्डावर मी खूश आहे, पैसे वसूल. आता हे असंच का घेतलं आणि दुकानदार काय काय गळ्यात मारत होते ते सांगतो, कारण सध्या ओळखीतली दोन पोरं याच चक्करमधे अडकलीत आणि रोज फोनवर तेच तेच विचारतात.

कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोडच्या पट्ट्यात कुठल्याही दुकानात जा आणि ९८००एक्स३डी म्हणा, समोरचा लगेच एक्स८७०ईचा, म्हणजे वरच्या मालिकेतल्या महागड्या बोर्डाचा डबा काढतो. "सर, एवढा भारी प्रोसेसर घेताय, मग बोर्ड पण त्याच लेव्हलचा पाहिजे ना." ऐकायला बरोबर वाटतं. पण लेव्हल म्हणजे नक्की काय असं विचारलं की गाडी आरजीबी (रंगीत दिवे) आणि फ्युचर प्रूफ या दोन शब्दांवर येऊन थांबते. गेमच्या बाबतीत बोर्डाचं काम एवढंच की प्रोसेसरला स्वच्छ करंट द्यायचा, कार्डाला पूर्ण १६ लेन (डेटा जायच्या वाटा) द्यायच्या, रॅम सांगितलेल्या स्पीडला चालवायची आणि गरम होऊन गळपटायचं नाही. हे जो बोर्ड करतो त्याच्यावर आणि त्याच्या दुप्पट किमतीच्या बोर्डावर एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) सारखेच येतात, एखाद-दोन फ्रेमचा फरक पडला तरी तो डोळ्याला दिसत नाही. द्राक्षबागेत मांडवाचा अँगल मजबूत लागतोच, पण अँगल भारी टाकला म्हणून द्राक्षं गोड होत नाहीत, तसंच हे.

थोडं चिपसेटचं (बोर्डावरची यूएसबी, एसएसडी वगैरे सांभाळणारी चिप) सांगतो कारण इथेच लोकांना गुंडाळतात. एएम५ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती एएमडीची जागा) आलं २०२२ च्या सप्टेंबरमधे रायझन ७००० बरोबर, तेव्हाचे बोर्ड बी६५०, एक्स६७० वगैरे. २०२४ च्या सप्टेंबरमधे एक्स८७० आणि एक्स८७०ई आले, मग २०२५ च्या सुरुवातीला बी८५० आणि बी८४०. यात गंमत अशी की एक्स८७० आणि बी८५० मधे चिप एकच असते, आणि ती बी६५० वालीच. एक्स८७०ई मधे त्याच दोन चिप बसवलेल्या असतात, त्यामुळे यूएसबी पोर्ट आणि एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायच्या जागा) जास्त मिळतात. एक्स८७० नाव लावायचं तर बोर्डावर यूएसबी४ (जास्त वेगाचं यूएसबी) द्यावंच लागतं, बी८५० वर ती सक्ती नाही, मुख्य फरक हाच. आता यूएसबी४ तुम्हाला कशाला लागतं? बाहेरची फास्ट ड्राइव्ह लावून व्हिडिओ एडिट करणारा असेल, थंडरबोल्टची डॉकिंग वापरणारा असेल तर ठीक आहे. माझ्याकडे यूएसबीला माउस, कीबोर्ड, हेडफोन आणि कधीमधी पेनड्राइव्ह.

उलट एक गोष्ट दुकानात कोणीच सांगत नाही. ते यूएसबी४ प्रोसेसरच्या चार लेन खातं, त्यामुळे काही महागड्या बोर्डांवर दुसऱ्या किंवा तिसऱ्या एम.२ स्लॉटमधे एसएसडी लावली की ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट १६ वरून ८ लेनवर येतो. आजच्या कार्डांना पीसीआयई ५ च्या (पीसीआयई म्हणजे कार्ड बोर्डाला जोडणारा मार्ग, ५ ही त्याची पिढी) ८ लेन पण पुरतात, फरक फार पडत नाही हे मान्य, पण चाळीस-पन्नास हजार देऊन ही तडजोड का करायची? म्हणून बोर्ड कुठलाही घ्या, कंपनीच्या साइटवरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवा आणि लेन कुठे शेअर होतात ते पान वाचा. डब्यावर हे कधीच लिहिलेलं नसतं.

टोमाहॉक मॅक्सला हो म्हणायचं कारण करंटचा सेक्शन. १४ फेज (प्रोसेसरचा करंट वाटून देणारी सर्किटं), प्रत्येक ८० अँपिअरची. ९८००एक्स३डीचा टीडीपी (कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा) १२० वॅट, बोर्ड त्याला जास्तीत जास्त १६२ वॅट घेऊ देतो, आणि गेम खेळताना तर माझ्याकडे शंभरच्या वर क्वचितच जातो. म्हणजे बोर्डाला हा प्रोसेसर सांभाळणं फार जड नाही, वरच्या हिटसिंकला हात लावला तर कोमट लागतो एवढंच. शिवाय कार्डाचा स्लॉट पीसीआयई ५, पहिला एम.२ पण ५, लॅन ५ गिगाबिट, वायफाय ७. बायोसची (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) चिप ६४ एमबीची आहे, मॅक्स नावाचा अर्थ तोच, पुढच्या प्रोसेसरांचा सपोर्ट घालायला जागा राहते. एएमडीने एएम५ ला २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देऊ असं सांगितलंय आणि आधीचं एएम४ त्यांनी खरंच वर्षानुवर्षं ओढलं, त्यामुळे यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. फ्युचर प्रूफ म्हणायचंच असेल तर याला म्हणा, आरजीबीला नको.

एक बटण मला जाम आवडलं, कार्ड काढायचं. पूर्वी मोठ्या कार्डाखाली स्क्रूड्रायव्हर घालून तो प्लास्टिकचा खटका दाबायला लागायचा आणि स्क्रूड्रायव्हर सटकला की बोर्डावर ओरखडा, इथे बाजूला बटण दाबलं की कार्ड मोकळं. धूळ काढायला कार्ड वरचेवर काढावं लागतं आपल्याकडे, त्यावर नंतर येतो.

इंटेल का नाही हे पण विचारतात. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज जाऊन ते अस्थिर होत होते, २०२४ मधे इंटेलनेच ते कबूल केलं, मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवून पाच वर्षं केली. अपडेट टाकलेला नवीन पीस असेल तर चालेलही, पण ते सॉकेट संपलं. नंतरचे कोअर अल्ट्रा २०० वाले कामाला चांगले आहेत, वीजही कमी खातात, गेममधे मात्र एक्स३डीच्या मागे राहतात. ९६ एमबी एल३ कॅशची जादू आहे ही, गेमला लागणारा डेटा प्रोसेसरच्या पोटातच सापडतो, रॅमपर्यंत हेलपाटा मारावा लागत नाही. पण हे पण ऐका, तुम्ही फोर-के वर ग्राफिक्सची सगळी सेटिंग अल्ट्राला ठेवून खेळणार असाल तर तिथे कार्डच आधी दमतं, प्रोसेसर ७८००एक्स३डी असो नाहीतर साधा ९६००एक्स, आकडे जवळजवळ येतात. मी १४४० पी ला (फोर-के पेक्षा कमी रिझोल्यूशन) खेळतो, व्हॅलोरंट आणि सीएस२ या गेममधे जास्त वेळ जातो, म्हणून प्रोसेसरवर खर्च केला.

आता पैशाचं गणित. एक्स८७०ईचा जो बोर्ड मला चिकटवत होते आणि हा जो मी घेतला त्यात साधारण वीस हजाराचा फरक. एनव्हिडियाने भारतात ५०७० ची किंमत ५९ हजारापासून आणि ५०७० टीआयची ८० हजारापासून जाहीर केली होती (त्या भावाला दुकानात मिळतं का, ते सोडा). म्हणजे बोर्डावर वाचलेले वीस हजार सरळ कार्डात टाकले तर १२ जीबीच्या जागी १६ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि वर एक पायरी मोठी चिप. सायबरपंक गेममधे पाथ ट्रेसिंग (प्रकाश खऱ्यासारखा दाखवणारी सेटिंग) लावून रात्री पावसातल्या गल्लीत फिरा, मग कळेल ते वीस हजार कुठे गेले. बोर्डात टाकले असते तर ते काचेच्या आत हिटसिंकवर छापलेल्या लोगोत दिसले असते.

कार्ड सोडून सगळं नाशिकातच घेतलं. ऑनलाइन दीड-दोन हजार कमी दिसत होतं, पण बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे त्रिकूट एकाच दुकानातून, समोर उभं राहून घ्यायचं असं माझं ठाम मत आहे. डिस्प्ले आला नाही तर तिघातला कोण दोषी हे घरी बसून कसं कळणार? दुकानात दुसरी रॅम लावून, दुसरा प्रोसेसर लावून पाच मिनिटांत निकाल लागतो. तीन वेगवेगळ्या साइटवरून मागवलं असेल तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तुमचा महिना जातो.

दुकान छोटंच, वर माळ्यावर रिकाम्या डब्यांची चळत, खाली एका टेबलावर असेंब्ली. मालक काका जरा तुसडे वाटतात पण बिल नीट देतात, जीएसटीचं, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर टाकून. हे मागूनच घ्या, अठरा टक्के वाचवायला कच्च्या बिलावर घेतलं की वॉरंटीला दारोदार फिरावं लागतं. प्रोसेसर बॉक्स पीसच मागा, त्याला तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रे पीस (डब्याशिवाय सुटा येणारा) स्वस्त पडतो पण त्याची वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. आणि बोर्ड बिघडला तर तो नाशिकात जमा होतो का मुंबईला पाठवावा लागतो हे पैसे द्यायच्या आधी विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.

बोर्डाचा डबा उघडला की पहिलं काम, सॉकेटच्या पिना बघणे. एएम४ मधे पिना प्रोसेसरला असायच्या, एएम५ मधे त्या बोर्डावर आल्यात, १७१८ पिना, केसाएवढ्या बारीक. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की सगळ्या एका दिशेने चमकतात, सोन्याच्या किसासारखं दिसतं ते, आणि एखादी वाकलेली असेल तर तिची चमक वेगळ्या कोनात जाते, लगेच डोळ्यात भरते. असेंब्ली करणारा पोरगा म्हणाला, "दादा, सील्ड पीस आहे, काही नसतं." मी म्हटलं, "असू दे रे, बघू दे." वाकलेली पिन वॉरंटीत घेत नाहीत, आणि दुकानाबाहेर पडल्यावर ती कोणी वाकवली याला साक्षीदार नसतो. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण पण फेकू देऊ नका, बोर्ड कधी परत पाठवायचा झाला तर ते लावून पाठवावं लागतं. पोरगा ते डस्टबिनमधे टाकतच होता.

पहिल्यांदा चालू केल्यावरचा प्रकार माहीत नसेल तर छातीत धस्स होतं. पंखे फिरतात, आरजीबी लागतं, स्क्रीन काळी. बोर्डाच्या कडेला चार बारीक लाइट असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट, त्यातला डीरॅमचा पेटून राहतो आणि काहीच होत नाही. डीडीआर५ मधे बोर्ड पहिल्यांदा रॅम ओळखून तिचं टायमिंग बसवतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, त्यात काही मिनिटं जातात. पोरगा पॉवर बटणाकडे हात न्यायला लागला तर काकांनी कॅल्क्युलेटरवरून मान वर न करता सांगितलं, "हात लावू नको त्याला, चहा सांग." चहा यायच्या आत डिस्प्ले आला. तेव्हाच मला हे दुकान पटलं. नंतर रोज बूटला वेळ लागत असेल तर बायोसमधे मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर नावाचा ऑप्शन असतो तो चालू करा.

रॅम दोनच कांड्या घ्या. चार स्लॉट आहेत म्हणून चार भरायच्या नसतात. दोन कांड्यांवर ६००० सीएल३० (सीएल म्हणजे रॅमला उत्तर द्यायला लागणारा वेळ) आरामात चालतं आणि एएम५ ला तोच स्पीड सगळ्यात मानवतो, चार कांड्या लावल्या की एएमडीचा अधिकृत आकडाच ३६०० वर येतो. म्हणून ३२ पाहिजे तर १६ च्या दोन, ६४ पाहिजे तर ३२ च्या दोन. "आत्ता १६ ची एक घ्या, पुढे अजून एक टाकू" हा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करून बाहेर या, एका कांडीवर एवढा प्रोसेसर अर्धपोटी चालतो.

आणि मशीन ताब्यात घेताना तीन गोष्टी तिथेच तपासा. एक्स्पो (रॅम छापील स्पीडला चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू आहे का ते टास्क मॅनेजरमधे मेमरीचा स्पीड बघून कळतं, ६००० दिसायला पाहिजे, ४८०० नाहीतर ५६०० दिसलं तर बायोसमधे कोणी गेलंच नाही. मॉनिटर विंडोजमधे ६० हर्ट्झवरच ठेवलाय का ते बघा, १८० हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर खेळणारे लोक मी पाहिलेत. तिसरी भारी आहे, केबल. रायझन ७००० आणि ९००० च्या बहुतेक प्रोसेसरांत छोटं ग्राफिक्स असतं, त्यामुळे एचडीएमआयची केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या मागे लावली तरी डिस्प्ले येतो, विंडोज चालतं, यूट्यूब चालतं. इंदिरानगरच्या एका मित्राने असा पीसी घरी नेला आणि आठवडाभर दुकानदाराला शिव्या घालत होता की लाखाचं कार्ड घेऊन गेम अडकतोय. केबल एक वीत खाली लावली, विषय संपला.

विंडोज टाकायला पेनड्राइव्हवर लॅनचा नाहीतर वायफायचा ड्रायव्हर आधीच घेऊन ठेवा, नवीन बोर्डांचं नेट विंडोजच्या सेटअपला बऱ्याचदा सापडत नाही आणि विंडोज ११ नेटशिवाय पुढे सरकत नाही. क्रॅक विंडोज टाकू देऊ नका. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी लागतात, बॅटलफील्ड ६ ला पण सिक्युअर बूट लागतं, ते बायोसमधे बंद असेल तर गेम उघडतच नाही आणि लोक विनाकारण गेम अनइन्स्टॉल करून परत डाउनलोड करत बसतात.

कार्ड मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) आणलं. नाशिकात जे मॉडेल पाहिजे होतं ते मागवून देतो म्हणाले पण भावात फरक बऱ्यापैकी होता. सकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडली, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, दोन-चार ठिकाणी भाव काढला, सीरियल नंबर बिलाशी ताडून घेतला आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत. डबा केवढा असतो याची कल्पना नव्हती राव, मांडीवर घेऊन बसलो तर समोरचे पासवाले काका विचारतात, "मिक्सर का?" गाडीभाडं, जेवण, दिवस धरला तर फायदा अर्धा होतो. ज्याचं मुंबईला एरवी जाणं होतं त्यानेच हे करावं, फक्त कार्डासाठी जायचं असेल तर घासाघीस करून इथेच घ्या.

कार्डाच्या पॉवरच्या केबलबद्दल थोडं गंभीरपणे सांगतो. २०२२ मधे ४०९० आलं तेव्हा १६ पिनचे कनेक्टर वितळल्याच्या केसेस झाल्या, तेव्हापासून कनेक्टर सुधारला, आताच्याला १२व्ही-२x६ म्हणतात, पण पूर्ण आत बसलाच पाहिजे हा नियम तोच आहे. टिक आवाज येईपर्यंत दाबा, मग बाजूने बघा, फट दिसता कामा नये. आणि केबल कनेक्टरच्या तोंडाशीच वाकवू नका, दोन बोटं सरळ जाऊ द्या मग वळवा. कॅबिनेट अरुंद असलं की काच लावताना ती केबल दाबली जाते, म्हणून कॅबिनेट घेताना नुसती कार्डाची लांबी नाही, रुंदी पण मोजा. ५०७० टीआय ३०० वॅटचं कार्ड आहे, एनव्हिडिया ७५० वॅट सांगते, मी ८५० घेतला एटीएक्स ३.१ (एसएमपीएसचं नवं मानक) वाला, त्यात १६ पिनची केबल थेट येते, ॲडॉप्टरचं जंजाळ नको.

आता ज्याबद्दल कुठल्याच परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत ते. लाइट. आमचं घर पंचवटीत जुनं, वायरिंग आजोबांच्या काळातलं, प्लगला तिसरं भोक होतं पण त्याच्या मागे अर्थिंगची वायर कुठेच गेलेली नव्हती. कॅबिनेटच्या स्क्रूला उघड्या पायाने हात लावला की मुंग्या येतात ना, ती स्टॅटिक नसते. एसएमपीएसमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडा करंट बॉडीवर येतो, अर्थिंग असली की तो जमिनीत जातो, नसली की तुमच्यातून जातो. वायरमन बोलावून मल्टिमीटर लावला, फेज आणि अर्थिंगमधे २३० च्या आसपास यायला पाहिजे तिथे भलताच आकडा. नवीन अर्थिंगला जो खर्च आला तो एका बऱ्या कूलरएवढा, आणि तो मी याच बिल्डच्या बजेटमधे धरतो. दोन-अडीच लाखाचं मशीन घेताय आणि अर्थिंग बघत नाही, याला काय म्हणावं.

यूपीएसचं पण तेच. दुकानात सवयीने ६०० व्हीएचा देतात, तो जेमतेम ३६० वॅटचा. गेम चालू असताना मॉनिटर धरून माझं सगळं मिळून चारशेच्या वर ओढतं, म्हणजे लाइट गेली की यूपीएस एक शिट्टी मारणार आणि मशीन बंद, मग त्याला यूपीएस कशाला म्हणायचं. निदान ११०० व्हीए घ्या आणि जमलं तर प्युअर साइन वेव्ह, कारण चांगल्या एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची चौकोनी वेव्ह कधीकधी मानवत नाही. जूनच्या पहिल्या पावसात महावितरणने आमच्याकडे जो लपंडाव लावला होता त्यात बाकी घरातला एक सेट टॉप बॉक्स गेला, पीसीला काही झालं नाही. वीज कडाडायला लागली की मेन प्लगबरोबर लॅनची वायर पण काढतो, बोर्डात वीज तिथूनही शिरते.

गरमीचं म्हणाल तर मे मधे दुपारी खोलीतच ३७-३८ असायचं, एसी नाही. कूलर थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई, दोन पंख्यांचा एअर कूलर, लिक्विडच्या निम्म्याहून कमी पैशात. गेममधे प्रोसेसर ७५ च्या आसपास राहिला, याची मर्यादा ९५ आहे. लिक्विड कूलरचा पंप गेला की अख्खा कूलर गेला, एअर कूलरचा पंखा गेला तर साधा पंखा आणून लावता येतो, म्हणून मी एअरवालाच. ज्याला काचेआड दिसायला छान पाहिजे त्याने खुशाल लिक्विड घ्यावा, ९८००एक्स३डीला त्याची गरज नाही एवढंच.

खरी डोकेदुखी धूळ. सिंहस्थाची कामं निघालीत, शहरात जिकडे बघावं तिकडे रस्ता खोदलेला, खिडकी तासभर उघडी ठेवली तरी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. समोर जाळीवालं कॅबिनेट आणि त्याला निघणारा फिल्टर, हे दोन बघितल्याशिवाय कॅबिनेट घेऊ नका. ती मत्स्यालयासारखी दोन बाजूंनी काचेची कॅबिनेट सध्या सगळ्यांना पाहिजे असतात, पण त्यातल्या बऱ्याच मॉडेलमधे खालून हवा ओढतात, आणि पीसी जमिनीवर ठेवला असेल तर ती फरशीवरची सगळी धूळ सरळ कार्डात. माझा टेबलावर आहे. फिल्टर झटकतो, महिन्या-दोन महिन्यांनी ब्लोअर मारतो, पंखे बोटाने धरून मारतो, मोकळे फिरू देत नाही.

बोर्डात काय खटकलं? मागच्या बाजूला यूएसबी४ नाही, ज्याला लागतं त्याच्यासाठी हा बोर्ड नाही. रंग काळा तो काळा, पांढरी बिल्ड करणाऱ्याने दुसरीकडे बघावं. बाकी कुठल्याही कंपनीचा नवीन बोर्ड घ्या, विंडोज पहिल्यांदा चालू झालं की खालच्या कोपऱ्यात कंपनीचं सॉफ्टवेअर टाकू का म्हणून पॉपअप येतो, तो बायोसमधूनच बंद करता येतो, बंद करा.

बायोस मात्र अपडेट ठेवा. २०२३ मधे ७८००एक्स३डी काही बोर्डांवर जळाले होते, रॅमच्या प्रोफाइलबरोबर बोर्ड एसओसीला (प्रोसेसरमधला मेमरी वगैरे सांभाळणारा भाग) नको तेवढं व्होल्टेज देत होते, मग एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२५ मधे ९८००एक्स३डी पण काही बोर्डांवर गेल्याच्या तक्रारी आल्या आणि बायोसचे अपडेट निघाले. दुकानातला डबा किती महिने पडून आहे सांगता येत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी अपडेट. या बोर्डाला मागे फ्लॅश बायोसचं बटण आहे, एफएटी३२ ला फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल टाकून प्रोसेसर न लावताही अपडेट होतं. जुना बी६५० स्वस्तात मिळतोय म्हणून घेत असाल तर हे बटण आहे का ते आधी बघा, नाहीतर जुन्या बायोसवर ९००० चा प्रोसेसर उठतच नाही आणि कोणाकडून तरी ७००० चा उसना आणायची वेळ येते. बाकी तसा बी६५० टोमाहॉक आजही वाईट नाही, पीसीआयई ४ ने कार्डाला जाणवण्याइतका फरक पडत नाही, दहा हजार कमी मिळत असेल तर डोळे मिटून घ्या.

आत्ता घेणाऱ्यांचं खरं दुखणं बोर्ड नाहीच, रॅम आहे. मी घेतलं तेव्हा ३२ जीबीचं किट दहा हजाराच्या आत होतं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या शेवटी भाव दुपटीच्याही वर गेले, मायक्रॉनने तर डिसेंबरमधे क्रूशियलचा आपल्यासारख्या साध्या गिऱ्हाइकाचा धंदाच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. त्यामुळे माझ्या वेळचं कोटेशन घेऊन दुकानात जाऊन भांडू नका, काका खरंच काही करू शकत नाहीत. त्या दोन पोरांना मी सांगितलंय की आधी रॅमचा भाव काढा, मग उरलेल्यात कार्ड बसवा, मग प्रोसेसर, आणि बोर्ड सगळ्यात शेवटी. ९८००एक्स३डी बजेटमधे बसत नसेल तर ७८००एक्स३डी घ्या, सॉकेट तेच आहे, नंतर बदलता येईल. जुन्या पीसीची डीडीआर४ रॅम यात चालत नाही, ती विकून टाका, सध्या तिलाही बरे पैसे येतायत.